नीरव मोटर आणि हिंसेचा हिशेब

ट्रोलिंग मोटर म्हणजे मासेमारीच्या लहान नावेच्या नाळेला किंवा पिछाडीला बसवायची, बॅटरीवर चालणारी आणि पाण्याखाली पंखा फिरवणारी मोटर. नाव पळवणे हे तिचे काम नव्हे. माशाला चाहूल लागू न देता नाव हळूहळू सरकवणे आणि वाऱ्यात ती एका जागी धरून ठेवणे, यासाठी ती असते. या गुणामुळेच ती धर्मविचारापुढे एक खरा प्रश्न ठेवते. साधन सौम्य, स्वच्छ आणि नीरव झाले म्हणून त्याने केलेली कृती कमी हिंसक होते का?

हा प्रश्न जयपूरमध्ये विचारण्याला अर्थ आहे. अठराव्या शतकात जैन पंडित टोडरमल यांनी याच शहरात आचार्य अमृतचंद्रांच्या ‘पुरुषार्थसिद्ध्युपाय’ या ग्रंथावर लोकभाषेत टीका लिहायला घेतली. ती अपुरी राहिली आणि दौलतराम कासलीवाल यांनी विक्रम संवत 1827 मध्ये, म्हणजे 1770 च्या सुमारास, पूर्ण केली. हिंसा म्हणजे नेमके काय, याची इतकी बारीक छाननी करणारे ग्रंथ थोडेच आहेत. पाण्याचा प्रश्नही या शहराला नवा नाही. 1982 च्या आशियाई स्पर्धांतील नौकानयन जयपूरजवळच्या रामगढ तलावावर झाले होते. पुढे तो तलाव आटला. आज शहराची तहान मुख्यतः टोंक जिल्ह्यात बनास नदीवर बांधलेले बिसलपूर धरण भागवते. पिण्याच्या पाण्यात पेट्रोलचे इंजिन फिरवायचे की विजेची मोटर, हा अशा ठिकाणी केवळ सोयीचा प्रश्न राहत नाही.

मोटरची निवड तिच्या रेट्यावरून होते आणि हा रेटा पौंडांत मोजतात. भरलेल्या नावेच्या दर शंभर पौंड वजनामागे निदान दोन पौंड रेटा धरावा, असा ढोबळ हिशेब आहे. माणसे आणि सामान धरून सातशे किलोची, म्हणजे सुमारे पंधराशे पौंडांची नाव असेल तर किमान तीस पौंड रेटा लागतो; उघड्या जलाशयावरचा वारा लक्षात घेता त्याहून बराच जास्त घेणे शहाणपणाचे. साधारण पंचावन्न पौंडांपर्यंतच्या मोटरला बारा व्होल्टची एक बॅटरी पुरते, त्यापुढे चोवीस किंवा छत्तीस व्होल्ट लागतात. पंचावन्न पौंडांची मोटर पूर्ण वेगात सुमारे पन्नास अँपिअर ओढते. शंभर अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी अर्ध्याखाली उतरवू नये हे पाळले, तर पूर्ण वेगात जेमतेम तासभर मिळतो. लिथियमची बॅटरी अधिक खोलवर वापरता येते, पण महाग पडते. वेग कमी ठेवला तर तीच बॅटरी कितीतरी जास्त वेळ टिकते. सावकाश जाणाऱ्यालाच ही मोटर पावते.

आता माशाच्या बाजूने पाहिले पाहिजे. आपल्या जलाशयांतले कटला, रोहू आणि मृगळ हे कार्प कुळातले मासे. त्यांच्या वाताशयातील कंपने लहान हाडांच्या साखळीने आतल्या कानापर्यंत पोहोचतात, म्हणून त्यांचे ऐकणे इतर अनेक माशांहून तीक्ष्ण असते. शिवाय अंगाच्या बाजूने जाणाऱ्या संवेदी रेषेला पाण्याची जवळची हालचाल कळते. मोटर वारंवार चालू-बंद केली की तो बदल मासा टिपतो; मंद, एकसारखी चाल त्याला कमी बिचकवते. म्हणून जाणकार वेग सारखा बदलत नाहीत आणि उथळ पाण्यात पंखा तळाला घासणार नाही एवढा वर घेतात. या सगळ्या कौशल्याचे फळ एकच: धोक्याची जी सूचना माशाला मिळायची, ती मिळत नाही.

इथे जैन विचारातले दोन भेद उपयोगी पडतात. शेती, घर, उद्योग यांत न ठरवता घडणारी हिंसा वेगळी आणि संकल्पाने केलेली हिंसा वेगळी. तेलाचा तवंग, धूर, काठच्या पक्ष्यांना होणारा त्रास ही पहिल्या प्रकारची हिंसा विजेची मोटर खरोखर कमी करते, आणि हे श्रेय तिला निःसंकोच द्यावे. संकल्पी हिंसेत मात्र ती काहीच घटवत नाही, उलट तिला धार आणते. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या प्रमादाशी, म्हणजे मनाच्या बेसावधपणाशी आणि वासनेशी जोडलेली आहे. निर्जीव साधन कर्माचा आधार होते, पण त्याचा भार ते वापरणाऱ्याच्या मनावरून ठरतो. त्याच मोटरने कोणी पक्ष्यांची गणना करील, कोणी बुडणाऱ्याला काढील. मोटर हिंसक नाही, तशी अहिंसकही नाही. तिचा नीरवपणा हा तिचा सद्गुण मानणे ही गफलत आहे.

जैन आचार्य सोमदेवसूरींनी 959 मध्ये, राष्ट्रकूटांच्या काळात, ‘यशस्तिलकचंपू’ लिहिले. त्यात शेतकरी आणि धीवर, म्हणजे कोळी, यांची तुलना येते: नांगराखाली जीव मरूनही शेतकरी तसा पापी नाही, आणि एकही मासा न सापडलेला धीवर पापी आहे, कारण त्याचे चित्त मारण्यात गुंतलेले आहे. त्याच ग्रंथात मृगसेन धीवराची कथाही आहे. जाळ्यात येणारा पहिला मासा सोडून देण्याचे व्रत त्याने मुनींकडून घेतले. शिप्रा नदीत तोच मासा पाच वेळा आला आणि पाचही वेळा त्याने तो सोडला. तो रिकाम्या हाताने घरी आल्यावर बायकोने दार लावून घेतले आणि त्या रात्री सर्पदंशाने तो मेला. पुढच्या जन्मी तो पाच वेळा मृत्यूतून वाचला. सीकर जिल्ह्यातल्या राणोलीचे आचार्य ज्ञानसागर यांनी विसाव्या शतकात याच कथेवर संस्कृतात ‘दयोदयचंपू’ रचले.

गळाला लागलेला मासा परत सोडणाऱ्या हौशी मासेमाराला ही कथा आपली वाटू शकते, पण ती त्याची नाही. मृगसेनाच्या सोडण्याला किंमत पडली होती. त्याचे जेवण त्या जाळ्यावर होते. हौशी माणूस सोडतो तेव्हा त्याचे काहीच जात नाही, आणि मासा पकडण्याचा आनंद त्याने आधीच घेतलेला असतो. अहिंसाणुव्रताच्या, म्हणजे गृहस्थाच्या अहिंसाव्रताच्या, अतिचारांत (दोषांत) बंध आणि छेदही मोजले आहेत. ओठातून आरपार गेलेला गळ हा छेद, हातात धरून ठेवणे हा बंध. मारले नाही म्हणून हिशेब कोरा होत नाही.

उपजीविकेसाठी मासे धरणाऱ्याची गोष्ट वेगळ्या मापाने तोलावी लागते. महाभारताच्या वनपर्वात मिथिलेचा धर्मव्याध मांस विकतो आणि तरीही तपस्वी ब्राह्मणाला धर्म शिकवतो. जैन आचार्य ही सवलत देणार नाहीत. पण दिवसभर वल्हे मारून खांदे झिजलेल्या माणसाला मोटरने विसावा मिळत असेल, तर त्याच्या देहाचे दुःखही हिंसेच्या हिशेबात धरायला हवे. गरीब मच्छीमाराला पापी म्हणायचे आणि महागड्या मोटरवर बसलेल्या हौशी माणसाला निसर्गप्रेमी म्हणायचे, हा न्याय उलटा आहे.

साधनाची ताकद वाढली की मर्यादा बाहेरून घालावी लागते. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात ठरावीक तिथींना मासे मारण्याची आणि विकण्याची मनाई आहे. पावसाळ्यात विणीच्या काळात मासेमारी बंद ठेवण्याचा आजचा नियम वेगळ्या कारणाने त्याच ठिकाणी पोहोचतो. मोटरला हे नियम अधिकच लागू व्हावेत, कारण पूर्वी अंडी भरलेल्या मासळीला निदान वल्ह्यांचा आवाज तरी सावध करीत असे.

हिंसेची साधने दुसऱ्याला देणे, हिंसादान, हा श्रावकाने, म्हणजे जैन गृहस्थाने, टाळायच्या अनर्थदंडांपैकी, म्हणजे विनाकारण घडणाऱ्या पापकृत्यांपैकी, एक. मोटर विकणारा किंवा भाड्याने देणारा व्यापारी त्यात येतो का? मोटर शस्त्र नाही, म्हणून सरसकट नाही. पण घेणारा ती गळासाठीच नेतो आहे हे माहीत असताना दिली, तर देणाऱ्याचा वाटा नाकारता येत नाही. पर्यटकांची किंवा पाहणी करणाऱ्यांची नाव चालवण्यासाठी दिली तर हा दोष उरत नाही. उरतो तो कोळशाच्या विजेचा आणि निकामी बॅटरीतल्या शिशाचा. तो पाण्यावर दिसत नसला, तरी बॅटरी योग्य पुनर्वापर केंद्रात पोहोचेपर्यंत वापरणाऱ्याच्याच खात्यावर राहतो.