पेशी कुणाची?

कॅलिफोर्नियात हायस्कूलची मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीत रिजनरेटिव्ह मेडिसिनच्या प्रयोगशाळांत शिकायला जातात. 'स्पार्क' या उपक्रमातून त्यांचा खर्च उचलणारी राज्याची मूलपेशी संस्था एका नैतिक वादातूनच जन्मली आहे. २००१ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी नव्या भ्रूण मूलपेशींवरच्या संशोधनाला केंद्राचा पैसा नाकारला. २००४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी त्यासाठी ३ अब्ज डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले. कॅथलिक चर्च भ्रूणाला पहिल्या क्षणापासून माणसाचा मान देतं. शरीराबाहेरच्या भ्रूणाला तो दर्जा नाही, असं अनेक ज्यू धर्मज्ञ मानतात. मतपेटीतून पैशाचा निकाल लागला, भ्रूणाचा नाही. म्हणून सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती पिपेट देताना हा प्रश्नही द्यायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.

कुणी म्हणेल, तो प्रश्न आता जुना झाला. संशोधक शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेतल्या पेशींना मूलपेशींसारखं रूप दिलं. मग भ्रूणाची गरजच कुठे उरली? पण भ्रूण बाजूला झाला तरी माणूस बाजूला होत नाही. त्या पेशीत दात्याचा सगळा आनुवंशिक वारसा असतो. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या रुग्ण महिलेच्या गाठीतल्या पेशी त्यांना न विचारता घेतल्या गेल्या. त्याच वर्षी त्या वारल्या. पेशी मात्र जगभरच्या प्रयोगशाळांत आजही वाढताहेत, आणि घरच्यांना हे कळायला वीसेक वर्षं लागली. तिथे भ्रूणाचा प्रश्न नव्हता, तरी अन्याय झालाच.

दुसरा आक्षेप वयाचा: काही आठवड्यांत ही मुलं तंत्र शिकतील, तत्त्वज्ञान कुठून पेलतील? आपल्या परंपरेतला 'अधिकार', म्हणजे ज्ञान घेण्याची पात्रता, हा शब्द नेमका इथे उपयोगी पडतो. कठोपनिषदातला नचिकेत कुमारवयाचाच होता. यमाने त्याचं वय मोजलं नाही. हत्ती, घोडे, सोनं, दीर्घायुष्य पुढे करून तो मृत्यूबद्दलचा आपला प्रश्न सोडतो का, एवढंच पाहिलं. अधिकार येतो तो प्रश्न धरून ठेवण्यातून. आणि मुलांना पेशींमागचा नैतिक प्रश्न पेलणार नाही असं मानायचं, तर जिवंत मानवी पेशी त्यांच्या हाती देणंही चूकच ठरेल. सुट्टी संपताना ही मुलं आपल्या कामाचं पोस्टर मांडतात. पेशी कशी वाढली, हे त्यावर असतंच. ती कुणाच्या देहातून आणि कसल्या संमतीने आली, हेही त्यांना स्वतःच्या शब्दांत तिथे लिहू द्यावं.