जोत्याच्या आत

पायासाठी खणलेली काळी माती साइटवरच ढिगानं पडलेली असते आणि मुरूम ब्रासच्या भावानं विकत आणावा लागतो. ठेकेदार म्हणतो, "साहेब, जोत्यात खाली हीच लोटू, वरून मुरमाचा थर देऊ. कुणाला दिसणारे?" मी नाही म्हणतो. आजवर नाहीच म्हटलं आहे. पण का, हे स्वतःला कधी नीट विचारलं नव्हतं.

काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते; तिच्यावरची फरशी जागेवर राहत नाही. मुरमाचं तसं नाही, पण तो नुसता ओतून चालत नाही. 6 ते 8 इंचांचा थर, बेताचं पाणी, मग धुम्मस किंवा रोलर, मगच पुढचा थर. कोरडे कण एकमेकांना अडतात, जवळ सरकत नाहीत. पाणी जास्त झालं तर पोकळ्यांत तेच अडून बसतं आणि कितीही ठोका, थर नुसता थलथलतो. मूठभर मुरूम दाबून पाहावा: तळहात न भिजता गोळा वळला आणि मोडताना सरळ दोन तुकडे झाले, की ओल बरोबर. प्रॉक्टर या अमेरिकन इंजिनियरनं 1933 साली हेच आकड्यांत बसवलं. प्रयोगशाळेत मिळालेल्या कमाल घनतेच्या 95 टक्के साइटवर मिळावी, ही आपली नेहमीची अट त्यातूनच आली. रोलर मात्र प्लिंथ बीमला चिकटून चालत नाही. कडेची पट्टी हातानंच ठोकावी लागते, आणि जेवणाच्या सुट्टीच्या घाईत सुटते ती हीच. पुढे स्कर्टिंगखाली फट पडते, ती लोक राहायला आल्यावर.

हे मला कळतं आणि मी तसं करून घेतो, म्हणून मी सचोटीचा, असं धरून चाललो होतो. पण रेरा कायद्यानं ताबा दिल्यापासून 5 वर्षं बांधकामातल्या दोषांची जबाबदारी बिल्डरवर टाकली आहे, आणि कच्चा भराव खचायला एवढी वर्षं सहसा लागत नाहीत. मग माझा नकार सचोटीचा, की सापडण्याच्या भीतीचा? स्वतःच्या प्लॉटवर घर बांधणाऱ्या शाळामास्तरांना रेराचा आधार नाही. तिथे मी त्या पट्टीपाशी तेवढाच उभा राहतो का? राहतो, पण तिथे मनाला ढकलावं लागतं, बिल्डरच्या साइटवर लागत नाही. हा फरक मला आवडलेला नाही.

आणि मुरूम तरी येतो कुठून? कुठली तरी टेकडी पोखरूनच. रॉयल्टीची पावती पाहून मी गाडी आत घेतो, टेकडी पाहायला जात नाही. तो हिशेब अजून उघडलेलाच नाही.

घर बांधत असाल तर स्लॅबच्या दिवशी पेढे घेऊन जरूर या. पण त्याआधी, जोत्यात भराव पडत असताना, एकदा येऊन उभे राहा. थर किती इंचांचा आहे आणि कडा कोण ठोकतंय, हे मला विचारा. मला राग येणार नाही.