गेलेल्या माणसाचें स्मरण

'मेल्या म्हशीला मणभर दूध' अशी आपल्यांत एक म्हण आहे. ती ऐकून आपण हसतों, आणि घरांत कोणी गेलें म्हणजे तीच निमूटपणें आचरणांत आणितों. ज्याच्या हट्टानें घर हैराण झालें होतें, तो तेरावा दिवस उलटण्यापूर्वींच 'निश्चयी' ठरतो. ज्यानें घरांत कधीं हिशेब दाखविला नाहीं, तो 'उदार' होतो. ह्यांत लबाडी असते असें मला वाटत नाहीं. ज्याला उत्तर देतां येत नाहीं त्याच्यावर दोष ठेवूं नये, अशी सभ्य मनाची स्वाभाविक ओढच असते. परंतु त्यामुळें प्रश्न मिटत नाहीं. ज्याच्यावर आपण प्रेम केलें त्याची आठवण ठेवावयाची, म्हणजे नेमकें काय ठेवावयाचें?

रहिमतपुरांतील एका परिचित घरीं हा प्रश्न मीं अगदीं उघडा झालेला पाहिला. गृहस्थ निवृत्त शाळामास्तर. त्यांच्या वर्षश्राद्धास आप्तेष्टांना द्यावयाची म्हणून लहानशी स्मरणिका छापण्याचें ठरलें, आणि मजकूर नजरेखालून घालण्याचें काम मजकडे आलें. मुलानें वडिलांच्या शिस्तीविषयीं लिहिलें होतें. नातीनें लिहिलें होतें कीं आजोबा तिला संध्याकाळीं गाडी दाखविण्यास स्टेशनावर नेत, वाटेंत पाढे म्हणावयास लावीत, आणि एकोणतिसाच्या पाढ्यांत स्वतःच चुकत. मुलाला हें पटेना. बाबा पाढ्यांत चुकणें शक्य नाहीं, असें तो म्हणे. ह्या वादांत मला मौज वाटत होती, पण मास्तरांच्या पत्नी सारें ऐकून घेऊन म्हणाल्या, "सगळें चांगलें लिहिलें आहे हो. पण ह्या माणसाशीं माझें लग्न झालेलें नव्हतें."

मग त्यांनीं एक गोष्ट सांगितली. एकदां त्यांनीं न विचारतां माहेरीं कांहीं पैसे पाठविले. मास्तरांना तें कळलें, आणि चार महिने ते पत्नीशीं एक शब्दही बोलले नाहींत. पांचव्या महिन्यांत, कोणास न सांगतां, ते स्वतःच तिच्या भावाकडे गेले, त्याचें राहिलेलें कर्ज फेडून आले, आणि घरीं येऊन म्हणाले, "चहा टाक." काकूंचें म्हणणें होतें कीं छापावयाचें असेल तर हें छापा. मुलाला दुसरा अर्धा भाग हवा होता, पहिला नको होता. "आई, आतां तें कशाला?" असें तो पुनःपुन्हां म्हणत राहिला. शेवटीं दोन्ही भाग गाळले गेले, आणि स्मरणिका सुबक निघाली.

मला काकूंची बाजू खरी वाटते. चार महिन्यांचें मौन काढून टाकलें कीं उरतो तो एक परोपकारी गृहस्थ, आणि असे परोपकारी गृहस्थ प्रत्येक स्मरणिकेंत असतात. स्वतःच्या मानी स्वभावाशीं चार महिने झगडून हरलेला, आणि हरल्याचें तोंडानें कबूल न करतां 'चहा टाक' एवढेंच म्हणणारा मनुष्य मात्र एकच होता. प्रेम त्या एकावर होतें. दोष झांकण्याच्या भरांत आपण त्या माणसाला झांकून टाकितों, आणि त्याच्या जागीं एक सद्गुणांचा पुतळा बसवितों. त्याच रहिमतपुरांत रणदुल्लाखानाच्या नांवानें ओळखली जाणारी मशीद व कबर आहे. १६३६ नंतर शहाजीराजांसह कर्नाटकाच्या स्वारीवर गेलेला विजापूरचा हा बलाढ्य सरदार. दगड त्याचें नांव राखून आहेत. पण तो घरांत कसा होता, मुलांशीं काय बोलत असे, हें कोणता दगड सांगणार?

आपल्या श्राद्धविधीनें ह्या बाबतींत एक चमत्कारिक संयम पाळला आहे. पिता वसुरूप, पितामह रुद्ररूप, प्रपितामह आदित्यरूप, असे तीन पिंड. त्या पलीकडचे पूर्वज हाताला लागलेल्या लेपाचे वांटेकरी. उच्चार नांवाचा व गोत्राचा. तो शूर होता कीं भित्रा, प्रेमळ कीं तापट, ह्याविषयीं अवाक्षर नाहीं. स्तुति नाहीं, आणि निंदाही नाहीं. तीनच पिढ्या कां, ह्याचें शास्त्रीय उत्तर शास्त्री देतील. मला तर असें वाटतें कीं जिवंत आठवणीची धांव साधारणपणें तेवढीच असते. बाप प्रत्यक्ष पाहिलेला, आजा मांडीवर बसून पाहिलेला, पणजा ऐकलेला.

परंतु ह्या विधींत स्मरणाचा पहिला अधिकार पुत्राचा आहे. जिनें त्या माणसाबरोबर सर्वांत अधिक वर्षें काढिलीं, ती सोवळ्यानें स्वयंपाक करून आंत उभी. मराठी वाङ्मयांत मात्र उलट घडलें, आणि ही गोष्ट मला आपल्या वाङ्मयाच्या मोठ्या भाग्याची वाटते. येथें पतीचें स्मरण पत्नीनें आपल्या हातीं घेतलें. सध्यांच्या सांगली जिल्ह्यांतील देवराष्ट्रें हें जन्मगांव असलेल्या रमाबाई रानडे ह्यांनीं, न्यायमूर्ति १९०१ सालीं वारल्यानंतर, १९१० मध्यें 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' प्रसिद्ध केल्या. त्यांत भक्ति ओतप्रोत आहे. तरीही पंचहौद मिशनमधील चहाचें प्रकरण व त्यापायीं रानड्यांनीं घेतलेलें प्रायश्चित्त त्यांनीं गाळलें नाहीं. पुढें लक्ष्मीबाई टिळकांनीं 'स्मृतिचित्रे' लिहिलीं. त्यांतील नारायण वामन टिळक शीघ्रकोपी आहेत, पैशाच्या व्यवहारांत पुरते भोळे आहेत, बायकोला न सांगतां घर सोडून जातात. १८९५ सालीं त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर तिनें जे भोगलें तें सारें तेथें आहे. आणि हें पुस्तक मिटल्यावर टिळकांविषयींचें आपलें प्रेम रतिभरही उणावत नाहीं, उलट वाढतें. आईला लिहावयास लावणारा पुत्र देवदत्त होता. १९३६ मध्यें ती गेल्यावर अपुरा भाग त्यानेंच पुरा केला. काकूंच्या मुलानें हें पुस्तक वाचलें असतें, तर कदाचित् तो इतका घाबरला नसता.

अर्थात् ह्यावरून दोष सांगण्याचा परवाना सर्वांस सारखाच मिळाला, असें कोणी समजूं नये. ज्यानें त्या दोषाची किंमत स्वतः मोजली, त्यालाच तो सांगण्याचा अधिकार आहे. आणि तोही सूड उगविण्यासाठीं नव्हे. खूण सोपी आहे. सांगणारा आपण तरीही तेथें कां राहिलों हें सांगतो काय? जो केवळ यादी देतो, तो आठवण काढीत नसून फिर्याद लिहीत असतो.

रहिमतपुरांत १९२० सालीं जन्मलेले नाटककार वसंत कानेटकर ह्यांना हा विषय जणूं चिकटलेलाच होता. १९७२ सालच्या 'हिमालयाची सावली' ह्या नाटकांत नानासाहेब भानू जगाचे, आणि त्यांच्या घरचा भार बयोचा. ह्या पात्रांमागें महर्षि धोंडो केशव कर्वे आणि आनंदीबाई आहेत, हें प्रेक्षकांना सांगावें लागलें नाहीं. १८९३ मध्यें कर्व्यांनीं ह्या विधवेशीं विवाह केला, मुरुडकरांचा बहिष्कार सोसला, आणि पुढें आपली मिळकत, वेळ व शक्ति हिंगण्याच्या संस्थेला वाहिली. जगानें त्याला त्याग म्हटलें. घरांत त्याग करावा लागला तो बायकोला व मुलांना, आणि त्यांना कोणी विचारलें नव्हतें. त्यांच्या सूनबाई इरावती कर्वे ह्यांनीं तर मोकळेपणानें लिहिलें आहे कीं अशा पुरुषाची सून होणें हें भाग्य खरें, पण त्याची बायको व्हावें लागलें नाहीं हें त्याहून मोठें भाग्य. ह्या विनोदांत पुष्कळ कांहीं आहे. ऐहिकाविषयींची जी निर्विकार वृत्ति पत्नीला रोज जाळीत असेल, तीच उतारवयांत नातवंडांना शांत सांवलीसारखी वाटली असेल. स्वभाव एकच, पाहणारे वेगळ्या वेळीं व वेगळ्या अंतरावर उभे होते. म्हणून नातीचे आजोबा खोटे नसतात, आणि आजीचा नवराही खोटा नसतो.

राहिला 'मृताला उत्तर देतां येत नाहीं' हा आक्षेप. आनंदीबाईंनीं आपली बाजू 'माझे पुराण' ह्या पुस्तकांत स्पष्टपणें मांडली, आणि तें १९४४ सालीं बाहेर पडलें. कर्वे तेव्हां हयात होते. वय शहाऐंशी वर्षांचें. आनंदीबाई १९५० सालीं वारल्या, आणि त्यानंतर ते आणखी बारा वर्षें जगले.