आपल्याला ऐकू न येणारा आवाज

आमच्या मुलीला बाराव्या वर्षी ड्रमचे वेड लागले. शाळेच्या गॅदरिंगमध्ये वरच्या वर्गातल्या मुलांचा बँड वाजला आणि तेव्हापासून घरातले स्टीलचे डबे, सोफ्याचा हात, जेवणाचे टेबल यांपैकी काहीही शांत राहिले नाही. सहा महिने क्लासला जाऊनही वेड उतरेना, तेव्हा घरी सरावासाठी काहीतरी घ्यायचे ठरले. आम्ही पुण्यात एका सहा मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. खऱ्या ड्रमचा आवाज शंभर डेसिबलच्या वर सहज जातो, त्यामुळे तो पर्याय पहिल्या मिनिटाला बाद झाला. उरला इलेक्ट्रॉनिक ड्रम किट. हेडफोन लावायचे, हवे तितके वाजवायचे, कोणाला त्रास नाही. दुकानदाराने हेच सांगितले आणि आम्हालाही हेच ऐकायचे होते.

‘कोणाला त्रास नाही’ या शब्दांनी मला पुढे बराच विचार करायला लावला. त्याविषयीच हे लिहितो आहे.

आधी खरेदीबद्दल. नवशिक्यासाठीचे किट साधारण तीस ते पन्नास हजारांच्या घरात मिळते. त्यात तीन-चार ड्रमचे पॅड, दोन-तीन झांजांचे पॅड, दोन पायांसाठी दोन पेडल, हे सगळे अडकवायची लोखंडी चौकट आणि आवाज निर्माण करणारी पेटी, म्हणजे मॉड्यूल, एवढे असते. प्रत्येक पॅडच्या आत एक पिएझो सेन्सर असतो. तो आघाताची थरथर पकडून तिचे विद्युत संकेतात रूपांतर करतो आणि मॉड्यूल त्या संकेताच्या जोरानुसार साठवलेला आवाज हेडफोनमध्ये सोडते. पॅड दोन प्रकारचे असतात, रबराचे आणि जाळीचे. जाळीचे महाग, पण काठी त्यावर खऱ्या ड्रमसारखी उसळते आणि खोलीत आवाजही कमी होतो. रोलँड कंपनीने १९९७ साली जाळीचे पॅड असलेले किट बाजारात आणले आणि पुढे ते स्वस्त किटपर्यंत झिरपले. आम्ही जाळीचे घेतले. थोडे पैसे जास्त गेले, पण शेजाऱ्यांचा विचार केला याचे समाधान मिळाले.

जुळवणीला एक रविवार गेला. स्टूलची उंची अशी ठेवायची की मांड्या गुडघ्याकडे किंचित उतरत्या राहतील. स्नेअरचा पॅड कमरेच्या जरा खाली, झांजा हात न ताणता पोचतील अशा. मग मॉड्यूलमधली सेटिंग्ज. त्यात दोन गोष्टी मला फार आवडल्या. एकीला थ्रेशोल्ड म्हणतात. ठरावीक जोरापेक्षा हलका धक्का आला तर यंत्राने त्याकडे दुर्लक्ष करायचे. दुसरीला क्रॉसटॉक म्हणतात. एका पॅडवर मारल्यावर चौकटीतून थरथर दुसऱ्या पॅडपर्यंत जाते आणि न मारताच तो वाजतो. ही उसनी थरथर कोणती आणि खरा आघात कोणता, हे यंत्राला शिकवता येते. तेव्हा एवढेच वाटले की काय हुशार यंत्र आहे. आपण मारलेला धक्का चौकटीतून पुढे जातो ही गोष्ट यंत्र बनवणाऱ्यांनी लक्षात घेतली होती. ती चौकट आमच्या फरशीवर उभी आहे, हे माझ्या लक्षात आले नाही.

मुलगी रोज संध्याकाळी साडेसात ते साडेआठ वाजवू लागली. खोलीत बसलो तर काठ्यांची टकटक ऐकू यायची, हॉलमध्ये तर तेवढीही नाही. पाच महिने असे गेले. मग एकदा लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. काका अर्धांगवायूच्या झटक्यानंतर बरेचसे घरातच असतात. त्यांची विचारपूस केली, तेव्हा बोलता बोलता त्या म्हणाल्या, “आता त्यांचा पलंग हॉलमध्ये हलवलाय. तिकडे बरं पडतं.” आमच्या मुलीच्या खोलीखालची खोली म्हणजे त्यांचे बेडरूम. का हलवला, हे मी विचारले नाही, पण ते माझ्या चेहऱ्यावर दिसले असावे. काकू लगेच म्हणाल्या, “छे छे, तसं काही नाही हो. लहान मूल आहे, वाजवू दे.”

दुसऱ्या दिवशी मुलगी वाजवायला बसली आणि मी खाली गेलो. काकूंना म्हटले, पाच मिनिटे तुमच्या बेडरूममध्ये उभा राहू का? त्या रिकाम्या खोलीत जे ऐकले त्याला संगीत म्हणता येत नाही. काठ्या नाहीत, झांजा नाहीत, ताल समजावा असे काही नाही. छतातून फक्त धप्प. मग धप्प-धप्प. मग मुलगी चुकली म्हणून थांबायची, आणि पुन्हा धप्प. कोणीतरी वर उभे राहून टाचेने फरशी ठोकते आहे, असे.

त्यामागचे शास्त्र फार अवघड नाही. हवेतून जाणारा आवाज आणि बांधकामातून जाणारा आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाळीच्या पॅडने हवेतला आवाज कमी केला. पण किक पेडल दाबताना पायाचा सगळा जोर पेडलच्या पत्र्यातून फरशीत जातो आणि काँक्रीटचा स्लॅब हे धक्के उत्तम वाहून नेतो. वरच्या स्वरांची टकटक वाटेत विरते, खालचे जड धक्के टिकतात. त्यामुळे वाजवणाऱ्याला सगळे वाद्य ऐकू येते आणि खालच्याला फक्त पाय. पेडलखाली घातलेली पातळ रबरी चटई सरकणे थांबवते, हे धक्के फारसे थांबवत नाही. दुकानात हे कळण्याचा मार्गच नव्हता. दुकान तळमजल्यावर होते आणि हेडफोन माझ्याच कानावर होते.

इथून माझा प्रश्न सुरू होतो. जो परिणाम मला जाणवतच नाही, त्याला मी किती जबाबदार? ॲरिस्टॉटलने अज्ञानातून घडलेल्या कृतींचा विचार करताना एक भेद केला आहे. काही गोष्टी माणसाला ठाऊकच नसतात आणि तो खरोखर निर्दोष असतो. पण काही अज्ञान त्याच्या स्वतःच्या निष्काळजीपणातून येते, आणि त्याबद्दल त्याला दोषी धरणे योग्य असते. माझे अज्ञान कोणत्या प्रकारचे होते? खालच्या मजल्यावर जायला मला एक मिनिट लागते. पाच महिन्यांत मी एकदाही गेलो नाही. याउलट आमच्या वरच्या मजल्यावर रात्री कोणी खुर्ची सरकवली, तर मी इंटरकॉम उचलायला तेवढासुद्धा वेळ लावलेला नाही. वरून येणारा आवाज मला ऐकू येतो आणि खाली जाणारा येत नाही. एवढ्या साध्या कारणाने मी स्वतःला शांत शेजारी समजत होतो.

हेडफोनची गंमत अशी की ते वाजवणाऱ्याला त्याच्या आवाजापासून सोडवतात आणि आपण सगळ्यांनाच सोडवले असे त्याला वाटते. खरा ड्रम निदान प्रामाणिक असतो. वाजवणाऱ्याच्या कानठळ्या बसतात, म्हणून शेजाऱ्याचे काय होत असेल हे त्याला आपोआप कळते. आम्ही जास्तीचे पैसे देऊन हे कळणे बंद केले होते.

कायद्याकडे बोट दाखवता आले असते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. आमची मुलगी साडेआठला उठते. शिवाय ही मोजणी ज्या पट्टीवर होते, ती माणसाच्या कानाच्या संवेदनेनुसार खालच्या स्वरांना कमी वजन देते. तेव्हा ती धप्प-धप्प मोजायला कोणी यंत्र घेऊन आला असता, तर बहुधा आम्ही नियमात बसलो असतो. पण नियमात बसण्याने काकांचा पलंग परत जागेवर येत नाही.

दुसरा युक्तिवाद माझ्या एका मित्राने केला. तो म्हणाला, गणपतीच्या आधी महिना-दोन महिने नदीकाठी ढोल-ताशांचा सराव ऐकणाऱ्या गावात तू एका पेडलचे काय घेऊन बसलास? यात तथ्य आहे, पण अर्धेच. ढोल कोण वाजवते हे दिसते, का वाजवते हे ठाऊक असते, कधी थांबणार हे कॅलेंडरवर असते. ज्यांना त्याचा त्रास होतो ते एकटे नसतात. वैतागले तर एकमेकांशी बोलतात, पेपरला पत्र लिहितात. छतातून येणारा धक्का एकाच घराचा असतो. त्याची तक्रार करायची तर समोरच्या माणसाचे नाव घेऊनच करावी लागते, आणि तो माणूस रोज लिफ्टमध्ये भेटतो.

याच्या उलट बाजूने विचार करणारे एक प्रसिद्ध विवेचन आहे. १८७९ साली इंग्लंडमध्ये स्टर्जेस विरुद्ध ब्रिजमन हा खटला निकाली निघाला. लंडनमधला एक मिठाईवाला आपल्या स्वयंपाकघरात वर्षानुवर्षे खलबत्ते वापरत होता. शेजारच्या डॉक्टरने बागेच्या टोकाला, त्या स्वयंपाकघराला लागूनच, तपासणीची खोली बांधली आणि मग खलबत्त्याच्या आवाजाचा आणि हादऱ्यांचा त्याला त्रास होऊ लागला. न्यायालयाने डॉक्टरच्या बाजूने निकाल दिला. रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने १९६०च्या आपल्या निबंधात हा खटला घेऊन म्हटले, की इथे एकाने दुसऱ्याला त्रास दिला असे पाहणे अपुरे आहे. मिठाईवाल्याला थांबवले तर त्याचे नुकसान होते, न थांबवले तर डॉक्टरचे. दोघे शेजारी आहेत म्हणून प्रश्न आहे. बोलणी करायला काही खर्च येत नसेल, तर दोघे आपसांत देवघेव करून मार्ग काढतील.

हे वाचून मला प्रथम बरे वाटले, कारण त्यात माझ्या मुलीलाही जागा होती. तिचे शिकणे ही चैन नाही. नवशिक्याला एकच ठोका दोनशे वेळा मारावा लागतो, आणि शहरात तो मारायला फ्लॅटशिवाय जागा नाही. काकूंच्या शांततेला जशी किंमत आहे, तशी या दोनशे ठोक्यांनाही आहे. सरळ किट विकून टाकले असते तर मला पुण्यवान वाटले असते, पण त्याची किंमत मुलीने मोजली असती.

तरी बोलण्याला खर्च येतोच, हे कोसलाही ठाऊक होते. आमच्या इमारतीत तो खर्च पैशांचा नव्हता. काकू सत्तरीच्या. घरात आजारी माणूस. रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर गाडी आमचीच काढावी लागते, दोनदा काढलीही होती. असा माणूस ‘तुमच्या मुलीचा त्रास होतो’ हे कसे म्हणणार? त्यांनी पलंग हलवला, कारण बोलण्यापेक्षा पलंग हलवणे त्यांना स्वस्त पडले. आणि मी मात्र त्यांचे न बोलणे संमती म्हणून जमेस धरत होतो. माझ्या मते या सगळ्यात खरी चूक तीच. आवाज नकळत गेला, हे समजू शकते. पण ज्याला तक्रार करणे सर्वांत अवघड आहे, त्याच्या तक्रारीची वाट पाहत बसणे, हे नकळत घडलेले नाही. विचारण्याची जबाबदारी आवाज करणाऱ्याची आहे, आणि ‘त्रास होतो का’ असे विचारून ती संपत नाही. त्याला ‘नाही’ हेच उत्तर मिळणार. जाऊन ऐकावे लागते.

नंतर जे केले ते थोडक्यात सांगतो, कुणाला उपयोग होईल म्हणून. प्लायवुडचे दोन जाड तक्ते घेतले. खालच्या तक्त्याला चेंडूपेक्षा लहान अशी समान अंतरावर भोके पाडून त्यात टेनिसचे चेंडू बसवले, वर दुसरा तक्ता आणि त्यावर सतरंजी. किट आणि स्टूल दोन्ही त्यावर. वजन चेंडूंवर तरंगते आणि धक्का फरशीत जाण्याआधी बराच विरतो. तक्ता भिंतीला टेकू द्यायचा नाही, नाहीतर केलेले सगळे भिंतीतून वाया जाते. सुताराला आणि चेंडूंना मिळून जो खर्च आला तो जाळीच्या पॅडसाठी दिलेल्या जादा पैशांपेक्षा कमी होता. मग काकूंशी वेळ ठरवली. त्यांना संध्याकाळी पाच ते सहा चालते, तेव्हा फिजिओथेरपिस्ट येतो आणि हॉलमध्ये व्यायाम चालतो. हे मला कुठल्याही नियमात सापडले नसते.

तक्ता तयार झाल्यावर मी मुलीला म्हटले, आज पेडल मी मारतो, तू खाली जा. ती काकूंकडे जाऊन आली. आधी चटईवर ठेवून मारले तेव्हाचे आणि नंतर तक्त्यावरचे, दोन्ही तिने ऐकले. वर आल्यावर म्हणाली, “कमी झालंय, पण येतंय अजून.” मग जरा थांबून म्हणाली, “बाबा, त्यांना पाच महिने फक्त माझ्या चुका ऐकू आल्या.”

पलंग अजून हॉलमध्येच आहे. काकू म्हणतात, आता तिथेच सवय झाली, टीव्ही समोर पडतो. ते खरे आहे की पुन्हा माझी सोय पाहणे आहे, हे मला ओळखता येत नाही. म्हणून महिन्यातून एकदा, ती वाजवत असताना, मी खाली जाऊन त्या खोलीत पाच मिनिटे उभा राहतो.