फेड कुणाची?

आमचा एक दोस्त बँकेचं कर्ज काढून समाजकार्य शिकला. आज कचरा वेचणाऱ्या बायांच्या संस्थेत राबतो. पगार हातातोंडाचा, हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला. परवा म्हणाला, 'या बायांसाठी मी झिजतो, त्यानं माझं कर्ज का फिटू नये?' रातपाळीत चात्यांसंगं त्याचा प्रश्न माझ्या डोक्यात फिरत राहिला.

बाबासाहेबांचंच घ्या. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी त्यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात धाडलं. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात करार : परत येऊन बडोदा संस्थानात दहा वर्षं नोकरी. १९१७ साली बाबासाहेब करार पाळायला बडोद्याला गेले. कचेरीत शिपाई लांबूनच फायली फेकायचे. गावात राहायला जागा मिळेना. पारशी नाव लावून पारशांच्या सराईत राहिले, तर लोक काठ्या घेऊन चालून आले. अखेर कामाठी बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला निघाले. पुढं संस्थानानं पैसे परत मागितले.

आता सांगा मित्रांनो, करार मोडला कुणी? सही करणारा तर कामावर हजर होता!

मी म्हणतो, बाबासाहेबांनी ते कर्ज फेडलं. खजिन्यात नव्हे, माणसांत फेडलं. बहिष्कृत हितकारिणी सभेनं ४ जानेवारी १९२५ ला आमच्या सोलापुरात वसतिगृह काढलं. तिथं शिकलेलं एकेक पोर म्हणजे त्या कर्जाचा एकेक हप्ता.

बाबासाहेब शिकले त्या अमेरिकेत २००७ साली असाच हिशोब कायद्यात आला. शिक्षणासाठी सरकारी कर्ज घेतलेला माणूस सरकारी खात्यात किंवा बिननफ्याच्या संस्थेत पूर्णवेळ राबला आणि त्यानं १२० हप्ते भरले, की उरलेलं कर्ज माफ. १२० हप्ते म्हणजे दहा वर्षं, बडोद्याच्या कराराइतकीच. पण २०२५ मध्ये ट्रम्प सरकारनं, १ जुलै २०२६ पासून लागू करायचा म्हणून, नवा नियम काढला. ज्या संस्थेचं काम बेकायदेशीर हेतूचं आहे असं शिक्षणमंत्री ठरवतील, तिथली पुढची नोकरी माफीसाठी धरायची नाही. म्हणजे लोकसेवा कोणती, हे मंत्री ठरवणार. त्याविरुद्ध राज्यं, शहरं, संघटना कोर्टात गेल्या.

एक साथी म्हणाला, 'सेवेच्या बदल्यात माफी ही वेठबिगारीच की. महारवतन दुसरं काय होतं?' हे म्हणणं उडवून लावू नका. वतनात जमिनीच्या तुकड्यापायी पिढ्यान्‌पिढ्या राबायचं, काम काय ते गाव ठरवणार, शेवट नाहीच. बाबासाहेबांनी १९२८ साली विधिमंडळात त्याविरुद्ध बिल मांडलं. मागावरची उचलही त्याच जातीची : फिटेपर्यंत मालक सोडत नाही. म्हणून फरक घट्ट धरा. मुदत ठरलेली, काम आपण निवडलेलं, आणि अर्ध्या वाटेत अट बदलायची नाही, तर ती फेड. यातलं एक जरी गेलं, तर ते वतन.

आणि ज्यांनी बँकेचे सगळे हप्ते भरले, बंगला बांधला नि वस्तीकडं पाठ फिरवली, ते कर्जमुक्त झाले का? १९५६ साली आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दलच दुःख बोलून दाखवलं होतं. बँकेची पावती म्हणजे फेड नव्हे.

सरकारनं पैसा दिला म्हणून सरकार मालक होत नाही. त्या पैशात आमच्या आयांच्या काडेपेटीवरचा करही आहे. देणं त्यांचं आहे. त्यांच्यात राबणं ही फेड आहे, मग त्यांचा मोर्चा सरकारला आवडो न आवडो.

दोस्ता, तुझी फेड चालू आहे. फक्त बँकेच्या वहीत ती दिसत नाही. आपल्याकडं तसा कायदा नाही. तो व्हावा म्हणून भांडू या. अन् झाल्यावर तो कुणी मोडू नये म्हणून जागं राहू या.

जय भीम!