हाक कोणाची आणि ओ कोणी द्यायची?



गेल्या महिन्यातली गोष्ट. आमच्या वस्तीत एका घरी रविवारची वंदना होती. पंधरा-सोळा माणसे बसली होती. त्रिसरण चालू असताना एकामागून एक तीन फोन वाजले. ज्यांचे वाजले त्या तिघांनीही जोडलेले हात सोडले, फोन पाहिला आणि पुन्हा हात जोडले. वंदनेनंतर मी सहज विचारले, काही तातडीचे होते का? एकाला साड्यांच्या सेलची बातमी आली होती, दुसऱ्याला कर्ज मंजूर असल्याची (त्याने मागितलेच नव्हते), आणि तिसऱ्याला, तुम्ही दोन दिवस खेळ खेळला नाहीत म्हणून आम्हाला करमत नाही, असा निरोप होता. म्हणजे हाक कोणत्याही माणसाने मारली नव्हती. तरी तीन माणसांनी ओ दिली.

मला आपल्यापुढे एक साधा प्रश्न ठेवायचा आहे. दुसऱ्याला हातातले काम सोडून उठायला लावण्याचा अधिकार कोणाला असतो? आणि तो कशाने मिळतो?

हा प्रश्न माझ्या डोक्यात घातला तो माझ्याच एका विद्यार्थ्याने. मी कोल्हापुरात एका शाळेत विज्ञान शिकवते. घरातली पहिली पदवी माझी, त्याच्या घरातली त्याची. तो पुण्यात मोबाइलची अॅप बनवणाऱ्या एका कंपनीत कामाला आहे. बुद्ध पौर्णिमेला भेटायला आला तेव्हा म्हणाला, "मॅडम, माझं काम म्हणजे लोकांच्या फोनवर नोटिफिकेशन पाठवायचं." ते कसे जाते ते मी त्याच्याकडून समजून घेतले. आपणही समजून घ्यावे, कारण यंत्राची माहिती नसली की माणूस त्याला दैव समजू लागतो.

आपल्या फोनमधले प्रत्येक अॅप स्वतःची वेगळी तार जोडून बसलेले नसते. तसे असते तर बॅटरी दुपारपर्यंत टिकली नसती. फोन एकच जोडणी उघडी ठेवतो, अँड्रॉइड असेल तर गुगलच्या केंद्राशी आणि आयफोन असेल तर अॅपलच्या. आपण अॅप घातले की ते केंद्र त्या अॅपला एक लांबलचक अक्षर-आकड्यांचा पत्ता देते. कंपनी तो पत्ता जपून ठेवते. निरोप धाडायचा झाला की कंपनी निरोप आणि पत्ता केंद्राच्या हवाली करते, केंद्र तो फोनवर पोचवते. फोन बंद असला तर गुगलचे केंद्र निरोप चार आठवड्यांपर्यंत राखून ठेवू शकते. अॅपलने ही सोय २००९ साली सुरू केली, गुगलने २०१० साली. तेव्हापासून आपण फोनकडे जात नाही, फोन आपल्याला बोलावतो.

यात एक बारीक गोष्ट आहे आणि तीच महत्त्वाची आहे. तो पत्ता माणसाचा नसतो, फोनमधल्या अॅपचा असतो. आपल्या घरांत फोन एक आणि वापरणारे चार. आईने अॅपमधून आपले खाते बंद केले आणि मुलीने तिचे उघडले, तर आईच्या खात्यावरून तो पत्ता सोडवून टाकणे हे कंपनीचे काम आहे. ते केले नाही तर आईचा निरोप मुलीला जातो. शिवाय निरोप कुलूप लावलेल्या पडद्यावरही उघडा वाचता येतो, जर पाठवणाऱ्याने अथवा वापरणाऱ्याने तो झाकला नसेल.

आमच्या वर्गात हे घडले. एका बाईंनी मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी फोनवरून कर्ज घेतले होते. नवऱ्यालाही सांगितले नव्हते. धाकटा मुलगा आठवीत. प्रकल्पाचे फोटो दाखवायला तो आईचा फोन वर्गात घेऊन आला. चार मुले पडद्यावर डोकावलेली, आणि वर झळकले : हप्ता थकला आहे, कारवाई होईल. पोरे पोरांसारखी वागली. मुलगा दोन दिवस शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेले तर आई दारातच म्हणाली, "बाई, चोरी केली असती तर एवढं वाटलं नसतं." एका ओळीचा निरोप. पाठवणाऱ्या यंत्राला ठाऊकही नसेल की तो कुठे पोचला.

मी हे त्या विद्यार्थ्याला सांगितले. तो गप्प झाला, मग म्हणाला, "पण मॅडम, मी नुसतं पाठवतो. बघायचं का नाही ते बघणाऱ्याच्या हातात. नको असेल तर बंद करावं. माझा दोष कसा?"

हा युक्तिवाद आपण उडवून लावू नये. तो वरवर बरोबर आहे. आपण बुद्धिवादी धम्म स्वीकारला आहे, तेव्हा माणसाला स्वतःच्या मनाची जबाबदारी घ्यावी लागते हे आपल्याला मान्य आहे. परंतु 'बंद करावे' हे म्हणणे सोपे आहे. बंद करण्याची वाट कशी ठेवली आहे ते पाहा. आयफोन पहिल्यापासून परवानगी विचारतो. अँड्रॉइडमध्ये २०२२ च्या तेराव्या आवृत्तीपर्यंत विचारण्याचीही पद्धत नव्हती. अॅप घातले की हाका सुरू. आता विचारतात, पण कधी? बहुधा अॅप पहिल्यांदा उघडल्याबरोबर, ते कशासाठी बोलावणार हे आपल्याला कळण्यापूर्वी. २०१७ पासून अँड्रॉइडमध्ये निरोपांचे वेगवेगळे कप्पे करण्याची सोय आहे, म्हणजे पैशांचा व्यवहार एका कप्प्यात आणि जाहिरात दुसऱ्यात, आणि जाहिरातीचा कप्पा तेवढा बंद करता येतो. विद्यार्थ्याने मान खाली घालून सांगितले की त्यांच्या अॅपमध्ये सगळे एकाच कप्प्यात टाकलेले आहे. जाहिरात बंद केली तर बँकेतून पैसे गेल्याचा निरोपही बंद! याला स्वातंत्र्य म्हणायचे का? ज्याला उपाशी राहायचे नाही त्याने सगळेच गिळावे, असा हा प्रकार.

कायदा आता थोडा जागा झाला आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात असे तत्त्व आहे की संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असले पाहिजे. त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या क्लृप्त्यांची तेरा प्रकारांची यादी काढली. खोटी घाई करणे आणि सारखे मागे लागणे, हे दोन्ही प्रकार तीत आहेत. पण कायदा कागदावर आणि रूढी अंगवळणी, हे आपल्यापेक्षा अधिक कोणाला माहीत असणार?

येथे मला माझ्या आजोबांची आठवण सांगितल्याशिवाय राहवत नाही. ते सांगत की त्यांच्या लहानपणी रात्री चावडीवरून हाक आली की त्यांचे वडील ताटावरून उठत. कोणाची सोयरीक दूरच्या गावी, तिथे मयताची खबर द्यायची असे. कोणा अंमलदाराचे घोडे यायचे असे. हाक मारणारा विचारत नसे की तुझे जेवण झाले का, तुझे पोर तापाने फणफणले आहे का. शाहू महाराजांनी १९१८ सालीच करवीर संस्थानात महार वतन रद्द करून जमिनी रयतावा केल्या होत्या, तरी गावाची सवय लगेच गेली नाही. मुंबई इलाख्यात बाबासाहेबांनी १९२८ साली वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक कौन्सिलात मांडले, तेव्हा त्यांचा एक मुद्दा हाच होता. या चाकरीला वेळ नाही, ती चोवीस तासांची आहे, आणि वतनदार घरी नसेल तर त्याच्या घरातल्या दुसऱ्या कोणालाही धरून नेता येते. वतने कायद्याने गेली ती १९५८ च्या कायद्याने, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर.

गैरसमज नको. वेठ आणि मोबाइलचा निरोप एकच आहेत असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे म्हणजे माझ्या पणजोबांच्या पाठीवरच्या वळांची थट्टा होईल. निरोपाला ओ दिली नाही म्हणून कोणी आपल्याला मारीत नाही. मला फक्त एवढेच दिसते की ज्यांच्या पूर्वजांनी, कोणाच्याही हाकेला कधीही उठणार नाही, असे ठरवून मान सोडवून घेतली, त्यांच्या घरात आज कोणाच्याही हाकेला कधीही उठण्याची सवय रुजते आहे, आणि ती आपण हौसेने पैसे मोजून आणली आहे. हे मला बोचते. आपल्याला बोचते का?

तर मग सगळ्याच हाका वाईट का? तसे कोल्हापूरच्या माणसाने तरी म्हणू नये. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे इथल्या पोरांना पाढ्यासारखे पाठ आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. त्या रात्री ज्यांना वेळेवर कोणी उठवले ते भांडीकुंडी घेऊन निघाले. ज्यांना उठवले नाही ते माळ्यावर चढून बसले. २०२३ साली सरकारने सगळ्यांच्या फोनवर एक मोठा कर्कश आवाज वाजवून चाचणी घेतली होती, आठवते? तो निरोप अॅपमधून येत नाही. टॉवरच्या टप्प्यात जेवढे फोन असतील त्या सर्वांवर तो एकदम जातो. नंबर लागत नाही, पत्ता लागत नाही. आमच्या वर्गातली पोरे दचकून बाकाखाली शिरली, आणि मग अर्धा तास हसत होती. तो आवाज कानाला गोड नव्हता, पण तो करुणेचा आवाज होता.

मज्झिम निकायात अभय राजकुमाराची गोष्ट आहे. त्याला निगंठ नातपुत्ताने पढवून पाठवले होते की, तथागत कधी दुसऱ्याला न आवडणारे बोलतात का, असे विचार. हो म्हटले तरी अडकतील आणि नाही म्हटले तरी. त्या वेळी अभयाच्या मांडीवर एक तान्हे मूल होते. भगवंतांनी उलट विचारले की या पोराच्या तोंडात काडी किंवा खडा गेला तर तू काय करशील? तो म्हणाला, काढीन, रक्त आले तरी काढीन, कारण मला त्याची दया आहे. मग भगवंतांनी आपल्या बोलण्याची कसोटी सांगितली. जे खरे नाही अथवा हिताचे नाही, ते तथागत बोलत नाहीत, ऐकणाऱ्याला आवडणारे असले तरी. आणि जे खरे व हिताचे आहे, तेही योग्य वेळ पाहून बोलतात.

ही कसोटी नोटिफिकेशनला लावून पाहा. पुराचा इशारा रात्री दोन वाजता आला तरी खरा, हिताचा आणि वेळेवरचा. हप्ता थकल्याचा निरोप खरा असेल, हिताचाही म्हणू. पण चारचौघांत उघडा पडणारा तो अवेळी आहे. आणि माझ्या विद्यार्थ्याला रोज रात्री साडेनऊला जो निरोप सोडावा लागतो, 'शेवटच्या दोनच जागा उरल्या', तो खरादेखील नाही. जागा भरपूर असतात. हे त्यानेच मला सांगितले.

म्हणून मी त्याला म्हटले की बघणे-न बघणे बघणाऱ्याच्या हातात आहे, हे खरे. पण खोटे सोडणे तुझ्या हातात आहे. वाक्य दुसऱ्याने लिहिले म्हणून ते तुझ्या बोटातून जात नाही असे होत नाही. त्यावर तो म्हणाला, "मग नोकरी सोडू?" येथे मात्र मी अडले. त्याच्या पगारावर घरचे कर्ज फिटते आहे. माझा पगार दर महिन्याला बिनघोर येतो. अशा खुर्चीत बसून दुसऱ्याला राजीनामा द्यायला सांगणे सोपे आहे. बुद्धांनी उपासकाला वर्ज्य सांगितलेले पाच व्यापार म्हणजे शस्त्र, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचे. त्यात हा नाही. मी त्याला, सोड, असे सांगितले नाही. योग्य केले की नाही, मला अजून ठरवता आलेले नाही.

तो परत गेला आणि त्याने वरिष्ठांपुढे चार गोष्टी मांडल्या. खाते बंद करताच पत्ता सोडवावा. बंद पडद्यावर मजकूर झाकावा. जाहिरातीचा कप्पा वेगळा करावा. दोन जागांचे वाक्य काढावे. पहिल्या दोन लगेच मान्य झाल्या, त्यात कंपनीचे काही जात नव्हते. तिसरी 'पाहू' म्हणून राहिली. चौथीला ते हसले.

आता माझे स्वतःचे. दुसऱ्यांना कसोटी लावताना माझ्या लक्षात आले की मी गृहपाठ पालकांच्या ग्रुपवर रात्री दहाला टाकते, कारण मला तेव्हा फुरसत होते. त्यातले कितीतरी पालक शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत पहाटेच्या पाळीला जातात. गृहपाठ खरा, हिताचा. पण कोणाच्या वेळेचा? एका वडिलांनी कधीतरी नम्रपणे लिहिले होते, "मॅडम, सकाळी टाकला तर चालंल काय?" मी तेव्हा मनात रागावले होते. आता शाळा सुटायच्या आधी फळ्यावर लिहून देते, ग्रुपवर टाकत नाही.

त्यानंतरच्या रविवारी वंदना झाल्यावर आम्ही बायका फोन घेऊनच बसलो. एकेक अॅप उघडायचे, नको त्याचा आवाज बंद करायचा. दोन तास गेले. चहा दोनदा झाला. कोणाच्या फोनवर घातल्याचे आठवतही नाही अशी अॅपे निघाली, कोणाच्या फोनवर नवऱ्याने घातलेला पत्त्यांचा खेळ निघाला आणि त्यावरून बरीच चेष्टा झाली. नदीकाठच्या वस्तीतल्या एक आजी आल्या होत्या, नातवाचा जुना फोन घेऊन. मी भराभर सगळे बंद करीत चालले होते. त्यांनी माझा हात धरला.

"पावसाचं तेवढं ऱ्हाऊ दे गं पोरी," त्या म्हणाल्या. "त्ये रातचंबी वाजू दे."