काचेला बोट लावून

जुलैत खंडाळ्याच्या घाटात समोरची काच धुरकट झाली की बहुतेक जण दोन गोष्टी करतात. फडक्याने काच पुसतात आणि एसी बंद करतात, कारण बाहेर एवढा गारठा असताना एसी कशाला? तळेगावहून खोपोलीला ये-जा करताना मीही कित्येक वर्षं हेच केलं. मग एका पावसात, समोरच्या ट्रकचे लाल दिवेसुद्धा दिसेनासे झाले तेव्हा, काचेला आतून बोट लावलं. रेघ उमटली. म्हणजे धुकं घाटातलं नव्हतं, आमच्या गाडीतलंच होतं.

रेघ उमटली, तर आपल्याच श्वासाची आणि ओल्या कपड्यांची वाफ गार काचेवर बसलेली असते. अशा वेळी एसी चालू करायचा, तापमानाचा नॉब गरमकडे फिरवायचा, झोत काचेवर सोडायचा आणि हवा बाहेरून घ्यायची. दमट हवा गार कॉइलवरून गेली की तिच्यातलं पाणी तिथेच सुटतं आणि त्या कोरड्या हवेला हीटर ऊब देतो. रेघ उमटलीच नाही, तर मामला उलटा. एसीने काच इतकी गार पडलेली असते की बाहेरचा दमटपणा तिच्यावर बाहेरून साचतो. मग वायपर फिरवायचा आणि थंडावा कमी करायचा. लक्षण एकच, पण कारणं विरुद्ध आणि उपायही विरुद्ध. घरच्या घरी दुरुस्ती म्हटलं की लोकांना पाने आणि स्क्रूड्रायव्हर आठवतात. माझ्या मते ती या बोटापासून सुरू होते. मावळच्या पावसात एसी ही चैन नाही, ती नजर आहे.

हे बोट लावणं, म्हणजे कारण स्वतः तपासून पाहणं, आपण सोडून दिलंय, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ‘गॅस कमी झालाय, भरून घ्या,’ हे वाक्य आपण पेट्रोल भरून घेतल्यासारखं निमूट ऐकतो. पण एसीचा गॅस जळत नाही, खर्च होत नाही. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या जाळीमागच्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता सोडतो, डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये उष्णता घेतो आणि पुन्हा फेरी सुरू. रबरी पाइपांतून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो, तेवढंच. दरवर्षी भरावा लागत असेल, तर कुठेतरी गळती आहे. माझ्या गाडीत एका गॅरेजने सलग तीन उन्हाळे गॅस भरला, पण गळती कुणी शोधली नाही आणि मीही विचारलं नाही. बहुतेक गाड्यांत आर-134ए असतो. ओझोनला मारक ठरलेल्या आर-12 च्या जागी तो आला, पण वातावरणात उष्णता अडवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून अधिक भारी आहे. छोट्या गाडीतला अर्धा किलो गॅस हवेत गेला, तर सुमारे तीनशे लिटर पेट्रोल जाळल्याइतकं नुकसान होतं. तीन उन्हाळ्यांत माझ्या गाडीने काय केलं, हे त्या हिशेबानंतर मला टोचत राहिलं.

म्हणूनच हाताची सीमाही ओळखावी. हा गॅस उणे 26 अंशांना उकळतो. द्रव अंगावर उडाला तर कातडी गोठते. त्याची नळी घरी सोडवायची नाही. ते काम व्हॅक्यूम पंप आणि वजनकाटा असलेल्याचं. आपण फक्त विचारायचं, ‘गळती कुठे सापडली? किती ग्रॅम भरला?’ केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्रालयाने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. चांगली गोष्ट आहे. पण प्रश्नच माहीत नसेल, तर हक्क घेऊन काय करणार?

सीमेच्या अलीकडे मात्र पुष्कळ काही आपलं आहे. मागच्या श्रावणात शेजारच्या सीटखालची चटई भिजू लागली. दाराचं रबर गेलं असेल म्हणून मी ते बदलणारच होतो. पण पाणी पाऊस नसतानाही येत होतं, आणि एसी लावला की जास्त. कॉइलवर सुटलेलं पाणी एका बोटभर नळीतून खाली रस्त्यावर जातं. गाडीखाली हात घालून ती चाचपली, तर तोंडाशी तांबड्या मातीचा गोळा घट्ट बसला होता. मऊ तारेने हळूच सैल केला आणि चहाच्या पेल्याएवढं गढूळ पाणी मनगटावर ओघळलं. गाडीत कुबट वासही येत होता, म्हणून ग्लोव्ह बॉक्स उतरवून एसीच्या हवेचा फिल्टर ओढला. भाताचा कोंडा, चार सुकी पानं, उंदराने कुरतडलेला कोपरा. शेताकडेला गाडी लावणाऱ्याचा फिल्टर असाच निघतो. वास त्याचाच होता.

एसी बंद करणं बरोबर ठरतं अशीही एक वेळ असते. मे महिन्यात याच घाटात इंजिनाच्या तापमानाचा काटा वर चढू लागला, तर एसी बंद करून हीटर पूर्ण सोडावा, काचा उघडाव्यात आणि जागा मिळताच थांबावं. घाम फुटतो, पण हीटर म्हणजे इंजिनाच्या गरम कूलंटवर चालणारा दुसरा छोटा रेडिएटरच, आणि तेवढीच उष्णता इंजिनातून निघून जाते. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नये. ट्रकचालकांना असा घाम रोजचाच; 1 ऑक्टोबर 2025 पासून नव्या मोठ्या ट्रकच्या केबिनला एसी बंधनकारक झालाय. हा चढ रोज चढणाऱ्यांना तो फार आधी मिळायला हवा होता.

परवा लोणावळ्यात चहाला थांबलो, तेव्हा टपरीवाल्या काकांनी हाक मारली, ‘अहो, गाडी गळतीय तुमची!’ खाली वाकून दोन बोटं ओली केली. तेलकट नाही, रंग नाही, गार. ‘पाणीच आहे काका,’ मी म्हणालो, ‘ते गळायलाच हवं.’